खळ्याबाहेर

मारोती, तुझं हातमळणी यंत्र नापास झालं नव्हतं. मी ते नापास होऊ दिलं.

बोरीच्या पुढच्या त्या गावात, माणिकराव पाटलांच्या खळ्यावर मी यंत्राचा दांडा फिरवत होतो आणि तू खळ्याच्या बाहेरून ओरडून सांगत होतास, "दिनकर, फट वाढव! डावा बोल्ट सैल कर!" मला ऐकू आलं होतं. नीट ऐकू आलं होतं. खळ्यावरच्या सगळ्यांनी वळून तुझ्याकडे पाहिलं. फक्त मी पाहिलं नाही.

तू गेलास त्या दिवशी कारखान्याच्या फाटकावरच्या फळ्यावर तुझं नाव, तुझं पद आणि तुझ्या नोकरीची वर्षं कुणीतरी खडूने सुबक अक्षरात लिहिली. दुसऱ्या दिवशी तो फळा पुसून त्यावर पाळीची वेळ लिहिली गेली. तसलं काही मी इथे पुन्हा लिहिणार नाही. मला जे सांगायचं आहे ते तुलाच सांगायचं आहे. तू समोर बसलेला असताना ते मला कधी जमलं नाही.

परभणीच्या त्या मळणीयंत्रांच्या कारखान्यात आपण बरोबरच लागलो. तू यंत्रं आखायचास, मी ती विकायचो. तू औरंगाबादला शिकून आलेला, जरा शिष्टच. कागदावर दुसऱ्या कुणी पेन्सिल टेकवली तरी तुला खपायचं नाही. तुझ्या घराने छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, पण शाळेच्या दाखल्यावर मारोती होतं ते मारोतीच राहिलं. फोरमन दर शनिवारी तुला मुद्दाम विचारायचा, "काय मारोतराव, आज तेल कुणाला घालायचं?" तू मान वर न करता म्हणायचास, "बेअरिंगला घाला. तेच मागायलंय." सगळे हसायचे, मीही हसायचो. त्या हसण्यात काय काय होतं याचा विचार मी तेव्हा केला नाही.

आपली खरी दोस्ती झाली ती दुष्काळात. शिवारात कणीसच नव्हतं, तर मळायचं काय? कारखान्याच्या अंगणात मोठी यंत्रं धूळ खात उभी. अर्धे कामगार दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. उरलेले आपण दोघे-चौघे दिवसभर रिकामे बसून एकमेकांचं डोकं खायचो. तुझ्या डब्यात रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची भाकरी, माझ्याही डब्यात तीच. तू म्हणालास, "बघ, समता आली. जरा कडू हाय, एवढंच."

दुष्काळ सरला आणि कारखान्याच्या मालकांनी, सेठजींनी, आपल्या सगळ्यांना बोलावलं. त्यांना नवं काहीतरी हवं होतं. "असं काढा की लोक बघतच राहतील," ते म्हणाले, "आजवर कुणी केलंच नसेल असं." मी तयारीत होतो. महिनाभर जिल्हा पालथा घालून मी आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारून आलो होतो, तुम्हाला काय पाहिजे. सगळ्यांनी एकच सांगितलं होतं. आहे तेच, पण मोठं. आहे तेच, पण झटपट. मी ते मोठ्या हुरूपाने सांगितलं. सेठजींनी मान डोलावली. फोरमनने मान डोलावली. तू मात्र खिडकीबाहेर बघत म्हणालास, "हे नवं न्हाई. हे जुनंच हाय, सुजलेलं."

त्या दिवशी सुरू झालेला आपला वाद अजून संपलेला नाही. मी म्हणायचो, गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कंपनी काय काढणार? तू म्हणायचास, "तू विचारतोस त्याला, ज्याच्याकडं यंत्र आधीच हाय. तो मोठंच मागणार. ज्याच्याकडं काहीच न्हाई त्याला कधी विचारलंस?"

"ज्याच्याकडे काहीच नाही तो माझं गिऱ्हाईक कसा?"

"तो कुणाचंच गिऱ्हाईक न्हाई. मनून तर त्याच्यासाठी कुणी काही काढलं न्हाई. नवं तिथंच हाय, दिनकर. बाकी सगळीकडं गर्दी हाय."

मी हसलो होतो. मला ते भाषणासारखं वाटलं होतं. पुढे एकदा पिंगळीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो असताना तू मला सांगितलंस की हे तुझ्या डोक्यात आलं कुठून, आणि मग मला हसता आलं नाही.

तुझं गाव तिथून जवळच. लहानपणी तू तुझ्या बापाबरोबर पाटलाच्या खळ्यावर जायचास. खळ्यावर म्हणजे खळ्याच्या कडेला. सारवलेल्या जमिनीवर तुमचं पाऊल पडायचं नाही. रास उचलून झाली, की बापाने पसरलेल्या घोंगड्यावर वरून बलुत्याचं धान्य टाकलं जायचं. धम्म घेतला त्या साली तुझ्या बापाने बलुतं बंद केलं आणि पोरांना जवळ बसवून सांगितलं, "आजपासून खळ्याच्या कडंला उभं राहायचं न्हाई. आत बोलावलं तर जायाचं. न्हाई बोलावलं तर रस्त्यानं सरळ निघून जायाचं. कडंला मात्र थांबायचं न्हाई."

गावाने त्याचा राग काढला. तुमच्या वस्तीत ज्यांच्याकडे जमिनीचा तुकडा होता, त्यांना मळणीला बैल मिळेनात, खळं मिळेना. तुझी आई आणि बाकीच्या बाया सडकेवर कणसं पसरून काठीने बडवायच्या. त्या ज्वारीची भाकरी दाताखाली कचकचायची. तू म्हणालास, "दोन बायांना फिरवता येईल आणि घराच्या अंगणात मावेल असं यंत्र मला करायचंय. बैल नको, इंजिन नको, कुणाचं खळं नको. सेठजीला हे सगळं सांगू नकोस. त्याला फक्त नवीन हाय एवढं सांग."

मी तसंच सांगितलं. सेठजींनी मागच्या शेडचा एक कोपरा तुला दिला. ती माझी त्या कामातली एकमेव चांगली गोष्ट आणि तीही तू सांगितलीस म्हणून केलेली.

पहिलं यंत्र दांडा फिरवताच उकललं. तू लाकडावर अडून बसला होतास, मी लोखंड म्हणत होतो. त्या वेळी मी बरोबर होतो आणि तू ते कबूल करायला आठवडा घेतलास. दुसऱ्याने सेठजींच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर कणसं थुंकली. सेठजी दचकून मागे सरले आणि म्हणाले, "मारोती, याला आधी वळण लावा." तिसरं मात्र चाललं. ढोल आणि जाळी यांच्यातली फट डाव्या बाजूच्या एका बोल्टने कमी-जास्त करता येत होती. कणीस ओलसर असलं तर फट कमी, कडक वाळलेलं असलं तर जास्त. हे तू मला दाखवलं होतंस. एकदा नाही, दहादा. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

तुझ्या वस्तीत ते पहिल्यांदा फिरलं तेव्हा मी हजर होतो. तुझी बायको कौसल्या आणि शेजारची एक म्हातारी दांड्याला लागल्या होत्या. दाणा निघाला, अख्खा आणि स्वच्छ. म्हातारीने तो मुठीत घेतला, तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाली, "बरी हाय ही बाई. बैलावानी खाती न्हाई, पाटलावानी बोलती न्हाई." बाया हसून हसून खाली बसल्या. तू खांबाला टेकून उभा होतास. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. कौसल्यावैनींनी विचारलं, "दिनकरभाऊ, हे आमाला कदी भेटल?" मी म्हणालो, "पुढच्या सुगीला, वैनी. माझा शब्द."

आता कळतं, कंपनीला जी परीक्षा घ्यायची होती ती त्या अंगणातच झाली होती. पण ती परीक्षा होती असं माझ्या मनात आलंच नाही. सेठजी म्हणाले, आपली मोठी यंत्रं घेणाऱ्या लोकांना दाखवा, त्यांनी मान डोलावली तर काढू. मला ते रास्त वाटलं. तू खूप भांडलास. "त्यांना कशाला? त्यांना हे नकोच हाय. हे चाललं तर त्यांच्या खळ्यावर फुकट राबायला कोन येईल?" मी म्हणालो, "त्यांनी नाव ठेवलं नाही की बाजार उघडतो. तुला धंद्यातलं कळत नाही." माणिकरावांचं नाव मीच काढलं. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि माझे चांगले संबंध.

जीप तू चालवत होतास. तुला ती चालवायला आवडायची, ड्रायव्हर असला तरी त्याला बाजूला सारायचास. त्या दिवशी आपण दोघेच होतो. मागे ट्रॉलीवर यंत्र, वर ताडपत्री. वाटेत तू गात होतास. तुझा आवाज फार वाईट होता.

खळं रस्त्यापासून जरा आत, शेताच्या मधोमध. माणिकराव, आसपासच्या गावांतले चार-सहा बागायतदार आणि त्यांचे सालगडी जमले होते. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. यंत्र उतरवून सालगड्यांनी आत नेलं. तू चपला काढायला वाकलास. आणि मी तुझ्या खांद्याला हात लावून म्हणालो, "मारोती, तू जरा इथंच थांब."

तू वर पाहिलंस. "का?"

"तसं काही नाही. आधी मी बोलून घेतो."

हे मला आज नीट लिहायचं आहे, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही ते नीट सांगितलं नाही. माणिकरावांनी काही म्हटलं नव्हतं. कुणीच काही म्हटलं नव्हतं. कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. ते म्हणतील, अशी मला भीती वाटली, आणि त्यांनी म्हणण्याआधीच मी ते करून टाकलं. पिंगळीच्या स्टेशनवर तू जे सांगितलं होतंस ते मला त्या क्षणी आठवत होतं. विसरलो होतो असं नाही. आठवत असताना मी तुला खळ्याच्या कडेला उभं केलं.

तू रस्त्याने सरळ निघून जाऊ शकला असतास. बापाने तेच शिकवलं होतं. पण यंत्र आत होतं. तू थांबलास.

मी पाटलांना यंत्राचे गुण सांगितले, मग दांडा धरला. त्यांची कणसं उन्हाने कडकडीत वाळलेली होती. फट मात्र तुझ्या वस्तीतल्या ओलसर कणसांना लावलेली, कमी. मी ती बघितलीही नाही. पहिल्याच फेऱ्यात दाणे फुटायला लागले. जाळीखालून अर्धे दाणे आणि पांढरी भुकटी पडू लागली. तेव्हा तू ओरडलास. माझं नाव घेऊन, एकेरी, जसं कारखान्यात घ्यायचास तसं. सगळे वळले. मला वाटलं, मी आता तुला ओ दिली तर हे विचारतील तो कोण, आणि मग मला सांगावं लागेल. म्हणून मी दांडा आणखी जोरात फिरवला. तू पुन्हा ओरडलास. मी पुन्हा फिरवला.

एक बागायतदार म्हणाला, "माणिकराव, तवा ठेवा चुलीवर. पीठच निघायलंय डायरेक्ट." दुसरा म्हणाला, "मळणी अन् गिरणी एकात! नवीनच हाय बगा." खळं हसलं. मीही त्यांच्याबरोबर हसलो, मारोती. हे तुला बाहेरून दिसलं असेल.

माणिकरावांनी चहा दिला. निघताना त्यांनी विचारलं, "ते बाहेर कोन होते? लय जीव तोडून सांगायलते. त्यांला आत कामून न्हाई बोलावलं?"

मी म्हणालो, "आमचा ड्रायव्हर आहे."

खरंच आत बोलावलं असतं का त्यांनी, की बोलण्यापुरतं बोलले, मला माहीत नाही. ते कळण्याची संधी मी कुणालाच ठेवली नाही. ना त्यांना, ना तुला.

तू ऐकलं होतंस. आपण जीपजवळ आलो तेव्हा तू माझ्या बाजूचं दार उघडून धरलंस आणि म्हणालास, "बसा, साहेब."

त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी साहेबच राहिलो. रागाने नाही, टोमण्याने नाही, अगदी सरळ आवाजात. दिनकर हे नाव तुझ्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेठजींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, दाणा फुटतो, गिऱ्हाइकांनी नाकारलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सेठजी हळहळले, दोन वाक्यं बोलले आणि आपण मोठ्या यंत्राकडे वळलो. मागच्या शेडमधलं तुझं यंत्र सुटं करून त्याचे भाग दुसरीकडे लावले. ते काम फोरमनने तुलाच दिलं. तू ते केलंस.

तू जाब विचारला असतास तर मी काहीतरी बोललो असतो. खोटं बोललो असतो कदाचित, पण बोललो असतो. तू तेही माझ्यावर टाकलं नाहीस. माझ्या वडिलांना येलदरीच्या शेतावर छातीत कळ आली, त्या दिवशी निरोप येताच मी न सांगता तू जीप काढलीस. खड्ड्याखड्ड्यांतून त्यांना परभणीच्या दवाखान्यात आणलंस. "साहेब, डोकं मांडीवर घ्या त्यांचं," एवढंच वाटेत म्हणालास. ते वाचले. त्यानंतर आणखी तीन सुग्या त्यांनी पाहिल्या. मी तुझे आभार मानले आणि तू म्हणालास, "त्यात काय, ड्यूटी हाय." तो शब्द मला लागावा म्हणून तू वापरलास की सहज आला, हे मी अनेकदा ताडून पाहिलं. तुझ्या स्वभावाप्रमाणे तो सहजच आला असणार. पण तो लागायचा तिथे लागला.

मग ते बाहेरचं यंत्र आलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणा लहानशा कंपनीचं, जिंतूरच्या बाजारात. हाताने फिरवायचं, दोन माणसांचं, बैलगाडीत मावणारं. ते लोक कुठल्या पाटलाकडे गेलेच नाहीत. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला यंत्र मांडलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना म्हणाले, फिरवून बघा. पुढच्या सुगीला ते गावोगाव दिसायला लागलं. आपली मोठी यंत्रं घेणारे आधीच मोजके होते. आता त्यांच्या खळ्यावर भाडं देऊन किंवा राबून आपलं धान्य मळून घ्यायला येणारी लहान माणसं कमी झाली, तशी त्यांनाही मोठ्या यंत्राची निकड राहिली नाही. आपल्या मागण्या घटत गेल्या. कुणी आपल्याशी स्पर्धा करून आपल्याला हरवलं नाही. त्यांनी आपल्याकडे पाहिलंही नाही.

सेठजींनी आपल्याला बोलावलं. टेबलावर त्या यंत्राचं छापील चित्र होतं. "हे आपण का नाही काढलं?" त्यांनी मला विचारलं. तू माझ्या शेजारच्या खुर्चीत होतास. मी म्हणालो, "त्या वेळी बाजार नव्हता, सेठजी."

सेठजी तुझ्याकडे वळले. "मारोती, मग तुम्ही तरी बोलायचं होतं ना."

तू म्हणालास, "मी बाहेर होतो, सेठजी."

त्यांना त्याचा अर्थ कळला नाही. ते समजले, तू कुठे कामाला बाहेरगावी होतास. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो. तिथे सांगता आलं असतं. तू दार किलकिलं करून दिलं होतंस. मी ते छापील चित्र सेठजींकडे सरकवलं आणि ती भेट संपली.

मला आजही वाटतं की त्या वादात माझं सगळंच चूक नव्हतं. यंत्र खेड्यात गेलं की त्याचा बोल्ट कोण बदलणार, जाळी फाटली तर कुठून आणणार, याचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं. तू म्हणायचास, लोक शिकतील. मी म्हणायचो, तू प्रत्येकाला तुझ्याएवढा समजतोस. त्या बाहेरच्या कंपनीलाही पुढे हीच अडचण आली. हे मला तुला सांगायचं होतं. तू उसळून उत्तर दिलं असतंस. पण तो वाद दोन बरोबरीच्या माणसांचा होता, आणि मी तुला साहेब म्हणायला लावल्यावर तो करायचा कुणाशी?

कावीळ झाली तेव्हा तू महिनाभर झाडपाल्यावर काढलास. एवढा शिकलेला माणूस. वैनींनी बळेच दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी भेटायला आलो. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते, पोट फुगलं होतं. मला बघून तू उठायला लागलास. "खुर्ची घ्या, साहेब." मी बसलो. सांगायचं ठरवूनच आलो होतो. पण मी ज्वारी कशी आली यावर बोललो, फोरमनच्या पोरीच्या लग्नावर बोललो. मग तू डोळे मिटून म्हणालास, "त्या यंत्राची जाळी चुकीची हाय. ओलं कणीस अडकतं. आपलं अडकत नव्हतं."

आपलं म्हणालास. मी त्या शब्दावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नर्स आली. ती गेल्यावर मी उठलो. तुझ्या पायावरची चादर नीट केली आणि निघालो. दोन दिवसांनी तू गेलास.

तुझ्या मागे मी घरी गेलो तेव्हा वैनी दारातच बसल्या होत्या. तुझी आई आत, भिंतीकडे तोंड करून. मी खळ्यावरचं सगळं वैनींना सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं. ड्रायव्हर म्हणालो तेही. मला वाटलं होतं त्यांना ठाऊक असेल.

वैनी म्हणाल्या, "त्यांनी तर आमाला सांगितलं, फट आपल्याच हातून चुकली मनून."

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसलो.

"सारी वस्ती हसली त्यांला, भाऊ," वैनी म्हणाल्या. "बाया मनायच्या, मारोती लय शिकला पर पाटलाम्होरं हात थरथरले. आमाला यंत्र देतो मनला अन् पाटलाला पीठ दळून देऊन आला. त्यांच्या आईनं बोलणं सोडलं होतं त्यांच्याशी. किती तरी दिवस. अन् ते ऐकून घ्यायचे. मी मनायची, कामून ऐकून घ्यायलाव? तर गप."

तू का ऐकून घेतलंस, हे मला आता कळतं. खरं सांगायचं तर तुला वस्तीला हेही सांगावं लागलं असतं की तू खळ्याच्या कडेला उभा राहिलास. त्यापेक्षा तुला हात थरथरले हे बरं वाटलं. माझ्या एका वाक्याने तुला दोनच वाटा उरल्या होत्या आणि दोन्हींवर अपमान होता. तू त्यातला तुझ्या बापाला न दुखवणारा निवडलास.

मी वैनींची माफी मागितली. त्यांनी मान हलवली. "मला एकलीला सांगून काय होतंय? मी हसले नव्हते. जे हसले त्यांला सांगा. अन् त्यांच्या आईला."

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्ती जमली होती. कारखान्याचे लोकही आले होते, सेठजी, फोरमन. वंदना झाली. एक-दोघे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. फोरमन तुझ्या तेलाच्या गमतीवर बोलला आणि बोलता बोलता रडला. मग मी उठलो. तुझी आई पुढेच सतरंजीवर बसली होती. मी तिच्याकडे बघत, तिच्यापुरत्याच आवाजात सुरुवात केली. मागून कुणी बाई म्हणाली, "मोठ्यानं बोला की साहेब. इकडं काईच ऐकू येईना."

मग मी मोठ्याने बोललो. म्हणालो, "मारोतीचं यंत्र चुकलं नव्हतं. त्याचे हात थरथरले नव्हते, त्याचा हात त्या दिवशी यंत्राला लागलाच नाही. मी लागू दिला नाही. कुणी सांगितलं नसताना मी त्याला खळ्याबाहेर उभा केला. तो ओरडून सांगत होता, ते मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. तो कोण, असं विचारलं तेव्हा मी त्याला ड्रायव्हर म्हणालो. सेठजी, तुम्हालाही मी खोटं सांगितलं. बाजार होता. तो इथे बसला आहे. आई, तुमचा मुलगा स्वतःहून कडेला थांबला नव्हता. मी थांबवला होता. चूक माझी. मारोती, मला माफ कर."